म्युनिकचा कावळा काळा, बर्लिनचा राखाडी: दोन प्रजातींमधली सीमा नेमकी कुठे असते?

माझी भाची शिकायला म्युनिकला आहे. मागच्या उन्हाळ्यात ती दोन महिन्यांसाठी बर्लिनला गेली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तिचा फोटो आला. ट्रामच्या थांब्यापाशी कचऱ्याच्या डब्यावर बसलेला एक कावळा. खाली लिहिले होते, "मावशी, इथे चक्क आपल्याकडचा कावळा आहे गं! म्युनिकला सगळे काळेकुट्ट असतात, डोमकावळ्यासारखे."

तो आपल्याकडचा नव्हता. आपल्या गावकावळ्याची मान तेवढी राखाडी असते. या कावळ्याची पाठ आणि पोटही राखाडी होते. डोके, पंख आणि शेपटी मात्र काळी, अंगात राखाडी बंडी घातल्यासारखी. पक्षिनिरीक्षक याला हुडेड क्रो म्हणतात आणि म्युनिकच्या काळ्याला कॅरियन क्रो. या लेखापुरते आपण त्यांना राखाडी कावळा आणि काळा कावळा म्हणू.

तिचा पुढचा प्रश्न मला फार आवडला. एकच देश, मध्ये समुद्र नाही, उंच डोंगर नाही, कावळ्याला उडायला कुणाची परवानगी लागत नाही. मग हे एकमेकांत मिसळत का नाहीत? आणि मिसळत असतील, तर अजून वेगळे कसे दिसतात?

मिसळतात. आणि तरीही वेगळे दिसतात. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजले की निसर्गाकडे बघण्याची आपली एक जुनी सवय सुटते. म्हणून जरा सविस्तर सांगते.

शाळेत शिकलेली व्याख्या

आपण शाळेत शिकलो ते असे: ज्या प्राण्यांची आपसात जोडी जमून पुढे प्रजननक्षम पिल्ले होतात, ते सगळे एका प्रजातीचे. ही व्याख्या 1942 साली अर्न्स्ट मायर या शास्त्रज्ञाने नीट मांडली आणि ती फार उपयोगी ठरली. उदाहरणही आपल्याला पाठ असते. घोडी आणि गाढव यांचे खेचर होते, पण खेचराला सहसा पुढे पिल्ले होत नाहीत. म्हणून घोडा आणि गाढव वेगळ्या प्रजाती.

खेचराचे उदाहरण इतके डोक्यात बसले आहे की दोन प्रजातींचा संकर म्हणजे वांझच, असे आपण धरून चालतो. घोड्याची गुणसूत्रे, म्हणजे पेशीतले जोडीजोडीने असणारे डीएनएचे धागे, 64, गाढवाची 62, खेचराच्या वाट्याला येतात 63. विषम आकडा, त्यामुळे जोड्या नीट लागत नाहीत. पण जवळच्या नात्यातल्या पक्ष्यांमध्ये असा आकड्यांचा घोळ बहुधा नसतो. दोघांच्या गुणसूत्रांची ठेवण बरीचशी सारखी असते आणि त्यांचे संकरित पिल्लू अनेकदा धडधाकट निघते, मोठे होऊन स्वतः घरटेही बांधते.

हे फार दुर्मीळ आहे असेही नाही. निसर्गात निदान एकदा तरी दुसऱ्या प्रजातीशी जोडी जमल्याची नोंद असलेल्या पक्षिप्रजाती मोजल्या, तर 1992 सालच्या एका हिशेबात त्या शंभरात नऊ भरल्या. पुढे नोंदी वाढल्या तसा आकडा सोळाच्या घरात गेला. मात्र हा आकडा प्रजातींचा आहे, पक्ष्यांचा नव्हे. प्रजाती संकर करते याचा अर्थ तिच्यातला प्रत्येक पक्षी करतो असा नाही. बहुतेक ठिकाणी शंभर जोड्यांत अशी एखाद-दुसरीच सापडते. पण तेवढीही पुरते, कशी ते पाहू.

सोलापूरच्या घरातली कानडी आजी

या लेखात दोनच शब्द लक्षात ठेवायचे आहेत. पहिला संकर: दोन वेगळ्या प्रजातींच्या आई-बापांचे पिल्लू. दुसरा जनुकप्रवाह: त्या पिल्लामार्फत एका प्रजातीची जनुके दुसऱ्या प्रजातीत शिरणे आणि तिथे मुरणे. जनुक म्हणजे आई-बापांकडून आलेली, शरीर कसे घडवायचे ते सांगणारी सूचना.

पहिली घटना एका पिल्लाची, दुसरी पिढ्यानपिढ्यांची. संकरित पिल्लू मोठे होऊन आईच्या प्रजातीतल्या कुणाशी जोडी जमवते. त्याची पिल्ले बापाच्या बाजूने पाव, नातवंडे एक-अष्टमांश. पाच-सहा पिढ्यांनंतर त्या पक्ष्याकडे पाहून कुणाला कसलीही शंका येणार नाही. पण परक्या प्रजातीतली चार जनुके त्याच्यात शिल्लक असू शकतात.

सोलापूरच्या एखाद्या मराठी घरात चार पिढ्यांपूर्वी विजापूरकडची कानडी सून आली असे समजा. आज त्या घरात कानडीचे एक वाक्यही कुणाला जमत नाही. पण मोठ्या बहिणीला 'अक्का' म्हणतात, वडीलधाऱ्याला 'अण्णा'. हे शब्द मूळचे कन्नडचे आहेत हे हाक मारताना कुणाच्या मनातही येत नाही. मराठीने असे कन्नडकडून घेतले, फारसीकडून घेतले, पोर्तुगिजांकडून पाव आणि बटाटा घेतला. तरी मराठी मराठीच राहिली, कारण शब्द सहज सीमा ओलांडतात, व्याकरण ओलांडत नाही. क्रियापद कसे चालवायचे, नामाला प्रत्यय कसा लावायचा, हे उसने घेणे जड जाते.

प्रजातींचेही तसेच आहे. काही जनुके शब्दांसारखी, आली तर खपून जातात. काही व्याकरणासारखी, बाहेरून आली की सगळी वाक्यरचना कोसळते. म्हणून दोन प्रजातींमधली सीमा भिंतीपेक्षा शेताच्या बांधासारखी असते. बांधाने दोन शेते वेगळी राहतात, पिके वेगळी येतात, पण पाणी खालून पाझरतच असते.

एल्बेकाठचा पट्टा

आता पुन्हा कावळ्यांकडे. वीस हजार वर्षांपूर्वी उत्तर युरोप बर्फाखाली होता. थंडीने कावळ्यांचे पूर्वज दक्षिणेला रेटले गेले. एक गट नैऋत्येला स्पेन-पोर्तुगालच्या बाजूला, दुसरा आग्नेयेला पश्चिम आशियाच्या बाजूला, असे मानले जाते. हजारो वर्षे भेटगाठ नाही. त्या काळात एका गटाची पिसे राखाडी झाली. बर्फ वितळला, दोन्ही गट उत्तरेकडे पसरत निघाले आणि युरोपच्या मध्यावर समोरासमोर आले.

जिथे आले तिथे आजही आहेत. डेन्मार्कच्या दक्षिणेकडून, जर्मनीतून एल्बे नदीच्या आसपासच्या भागातून, पुढे चेकिया आणि ऑस्ट्रियातून थेट उत्तर इटलीपर्यंत एक पट्टा जातो. त्याच्या पश्चिमेला काळे कावळे, पूर्वेला राखाडी. पट्ट्यात दोन्हीही दिसतात आणि मधलेही: कुणाच्या छातीवर राखाडी डाग, कुणाची पाठ मळकट, कुणी जवळजवळ काळा पण पोटाशी फिकट. याला संकरपट्टा म्हणतात. तो काही ठिकाणी वीस-पंचवीस किलोमीटर, काही ठिकाणी त्याहून बराच रुंद आहे. अख्ख्या खंडाच्या मानाने ही सुतळीच.

विल्हेल्म माइझे या जर्मन पक्षितज्ज्ञाने 1928 साली या पट्ट्याचा तपशीलवार नकाशा मांडला. त्यानंतरच्या जवळपास शंभर वर्षांत पट्टा काही ठिकाणी थोडा सरकला. स्कॉटलंडमध्ये अशीच एक सीमा आहे, ती बरीच वायव्येकडे गेली. पण सरकणे वेगळे आणि विरघळणे वेगळे. हजारो वर्षे शेजार, आपसात लग्ने, ठणठणीत पिल्ले, आणि तरीही सगळा युरोप मध्यम राखाडी कावळ्यांनी भरून गेलेला नाही. शास्त्रज्ञांना हेच कोडे होते.

शंभर कोटी अक्षरांतली 82

कोडे उलगडायला डीएनए वाचण्याचे तंत्र स्वस्त होण्याची वाट पाहावी लागली. 2014 साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या योखेन वोल्फ यांच्या गटाने 60 कावळ्यांचा सगळा डीएनए वाचून निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्पेन आणि जर्मनीतले काळे, पोलंड आणि स्वीडनमधले राखाडी.

कावळ्याचा डीएनए म्हणजे शंभर कोटींहून जास्त अक्षरांचा ग्रंथ. त्यात 'सगळ्या काळ्यांमध्ये हे अक्षर आणि सगळ्या राखाड्यांमध्ये ते' असा पक्का फरक किती ठिकाणी निघाला? फक्त 82 ठिकाणी. आणि त्या 82 पैकी 81 जागा एकाच गुणसूत्रावर, अठराव्या, एका छोट्या भागात दाटीने बसलेल्या. जाड ग्रंथाच्या शेकडो पानांपैकी एखाददुसरे पान वेगळे, बाकी सगळे सरमिसळ.

त्याहून चकित करणारी गोष्ट पुढे आहे. जर्मनीतला काळा कावळा आणि स्पेनमधला काळा कावळा शेजारी ठेवले तर तुम्हाला-मला फरक सांगता येणार नाही. पण डीएनएच्या हिशेबाने जर्मन काळा कावळा आपल्या स्पॅनिश भावापेक्षा शेजारच्या राखाडी कावळ्याला जवळचा निघाला. पूर्वेकडून इतकी जनुके त्याच्यात पाझरली आहेत. आतून बराचसा राखाडी, कपडे मात्र काळे.

ते वेगळे पान कशाचे? त्या भागात पिसांच्या रंगद्रव्याशी आणि पाहण्याच्या क्रियेशी संबंध असलेली जनुके आहेत. 2019 साली संकरपट्ट्यातल्या कावळ्यांवर झालेल्या अभ्यासात दिसले की पिसांच्या रंगातला बहुतेक फरक मोजून दोन जागांवरून ठरतो: एक याच अठराव्या गुणसूत्रावर, दुसरी पहिल्या गुणसूत्रावर.

मग एकसारखे का होत नाहीत?

कारण कावळे जोडीदार पाहून निवडतात. काळ्याला बहुधा काळा जोडीदार आवडतो, राखाडीला राखाडी. ही आवड आंधळी नाही आणि अगदी पक्कीही नाही. पट्ट्यात आवडीचा जोडीदार मिळाला नाही तर दुसरा चालतो. पण मधल्या रंगाच्या पक्ष्याची जरा पंचाईत होते. तो ना यांच्यातला ना त्यांच्यातला.

आता हिशेब लक्षात घ्या. संकरित पक्ष्यातून पाझरणारे जनुक रंगाशी संबंधित नसेल, म्हणजे पचनाचे असेल, रोगप्रतिकाराचे असेल, तर त्याला कुणी अडवत नाही. दोन-चार पिढ्यांत ते रंगापासून सुटे होते आणि पुढे जाते. रंगाचे जनुक मात्र अंगावर दिसते. ते चुकीच्या वस्तीत गेले की त्याच्या मालकाला जोडीदार मिळायला जड जाते आणि जनुक तिथेच गळते. एकाच सीमेवर एका मालाला मुक्त वाट आणि दुसऱ्याला नाका, असा हा प्रकार.

मला या संशोधनातले हे सगळ्यात मोलाचे वाटते. आपण समजत होतो की प्रजाती म्हणजे संपूर्ण डीएनए बंदिस्त ठेवणारी कोठी. इथे दिसते की सीमा अख्ख्या प्राण्याला नसते, जनुकाजनुकाला वेगळी असते.

पण काही संकर खरेच वांझ निघतात ना?

निघतात. स्वीडनच्या गॉटलंड आणि ओलंड या बेटांवर माशीमार पक्ष्यांच्या दोन जवळच्या प्रजाती शेजारी राहतात आणि कधीकधी त्यांच्या जोड्या जमतात. त्यांच्या संकरित माद्या वांझ असतात, नर तितके नसतात.

मादीच का, याचे उत्तर 1922 साली जे. बी. एस. हॉल्डेन यांनी मांडलेल्या नियमात आहे. हे तेच हॉल्डेन, जे 1957 साली इंग्लंड सोडून कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आले, भारताचे नागरिक झाले आणि 1964 साली भुवनेश्वरला वारले. त्यांचा नियम असा: दोन प्रजातींच्या संकरात एकच लिंग दुर्बळ, वांझ किंवा गायब असेल, तर ते बहुतेक वेळा दोन वेगवेगळी लिंगगुणसूत्रे असलेले लिंग असते.

माणसात बाईकडे एक्स-एक्स आणि पुरुषाकडे एक्स-वाय. पक्ष्यांत उलटे: नराकडे झेड-झेड, मादीकडे झेड-डब्ल्यू. नराकडे झेड गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, म्हणजे कपाटाच्या दोन किल्ल्या. परक्या प्रजातीकडून आलेली किल्ली कुलपात बसली नाही, तर दुसरी असते. मादीकडे झेडची एकच किल्ली. ती बसली नाही की कपाट बंद. खेचरावरून मनात बसलेले 'संकर म्हणजे वांझ' हे समीकरण पक्ष्यांत असे अर्धे-मुर्धे लागू होते: काही जोड्यांमध्ये फक्त माद्यांना, काहींमध्ये दोघांना, आणि कावळ्यांसारख्या ताज्या नात्यात जवळजवळ कुणालाच नाही. दोन प्रजाती वेगळ्या होऊन जितका काळ लोटला, तितकी किल्ली न बसण्याची शक्यता जास्त.

'हायब्रीड' म्हणजे कमअस्सल?

आपल्याकडे संकर या शब्दाला शिवीचा वास आहे. जुन्या ग्रंथांतल्या वर्णसंकराच्या भीतीपासून तो चिकटला. खेड्यात हायब्रीड हा शब्द 1960 च्या दशकात संकरित ज्वारीबरोबर आला. सीएसएच-1 हे वाण 1964 सालचे. पीक दणकून आले, पण भाकरीला गावठी ज्वारीची चव नाही म्हणून म्हातारी माणसे नाराज झाली आणि 'आताची पोरं हायब्रीड' हे वाक्य प्रचारात आले ते आजतागायत. त्यामुळे संकरित पक्षी म्हटले की काहीतरी बिघडलेला, भेसळीचा माल अशी प्रतिमा उभी राहते. निसर्गात शुद्ध-अशुद्ध असे काही नसते. काय तगते आणि काय तगत नाही एवढेच असते, आणि तेही हवापाण्यावर बदलते.

याचा सर्वांत सुंदर पुरावा प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस द्वीपसमूहातून आला. तिथल्या डॅफ्ने मेजर या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दाम्पत्याने 1973 पासून चाळीसेक वर्षे फिंच पक्ष्यांचा अभ्यास केला. बेट एक चौरस किलोमीटरचेही नाही. जवळपास प्रत्येक पक्ष्याच्या पायात कडी, प्रत्येकाचे आई-बाप नोंदलेले. तिथे दोन प्रजातींचे संकर अधूनमधून होत, पण सुरुवातीच्या वर्षांत ती पिल्ले तगत नसत. त्यांची चोच मधल्या आकाराची, आणि त्या आकाराला साजेसे बी बेटावर फारसे नव्हते.

मग 1982-83 चा जबरदस्त एल निनो आला, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी तापून तिथले हवामान उलटेपालटे झाले. महिनोन्महिने पाऊस. बेटाची झाडी बदलली, मोठ्या कडक बियांच्या जागी छोट्या मऊ बियांचा खच पडला. आणि तीच संकरित पिल्ले आता मूळ प्रजातींच्या पिल्लांइतकीच तगू लागली. पक्षी तेच, चोच तीच. बदलले ते पीकपाणी.

त्याच बेटावर 1981 साली एक परका नर आला. तिथल्या फिंचांपेक्षा धिप्पाड, वजन 28 ग्रॅमहून जास्त, गाणे वेगळेच. त्याने स्थानिक मादीशी जोडी जमवली. फिंचांमध्ये मुलगे बापाचे गाणे शिकतात, आणि माद्या गाणे आणि चोच पाहून नर निवडतात. या परक्याच्या मुलांचे गाणे स्थानिक माद्यांना पटेना. मग काही पिढ्यांत या घराण्याने आपसातच जोड्या जमवायला सुरुवात केली. मध्ये दुष्काळ पडला, घराण्यात एक भाऊ आणि एक बहीण एवढेच उरले. पाऊस आल्यावर त्या दोघांपासून वंश पुन्हा वाढला आणि तीसेक पक्ष्यांवर गेला. पुढे 2017 साली डीएनए वाचून कळले की मूळ नर शंभर किलोमीटरहून दूरच्या एस्पान्योला बेटावरून आलेला वेगळ्या प्रजातीचा होता. एका वाट चुकलेल्या नरापासून, माणसाच्या डोळ्यांदेखत, वेगळी चोच, वेगळे गाणे आणि वेगळी सोयरीक असलेले घराणे उभे राहिले.

असे क्वचितच घडते हे खरे. पण एक उदाहरण आपल्या फार ओळखीच्या पक्ष्याचे आहे. इटलीत जी चिमणी दिसते, तिचा नर आपल्या चिमण्यापेक्षा वेगळा असतो: डोक्यावर राखाडीऐवजी तांबूस-तपकिरी टोपी, गाल जास्त पांढरे. ती इटालियन चिमणी म्हणजे आपली घरचिमणी आणि स्पॅनिश चिमणी यांच्या जुन्या संकरातून स्थिरावलेली प्रजाती आहे, हे डीएनएवरून दाखवले गेले आहे.

मग काळा आणि राखाडी कावळा एक मानायचा की दोन?

हा प्रश्न हमखास येतो आणि त्यावर पक्षितज्ज्ञांचेही एकमत नाही. बराच काळ दोघांना एकाच प्रजातीची दोन रूपे मानत. 2002 साली ब्रिटिश ऑर्निथॉलॉजिस्ट्स युनियनने त्यांना दोन स्वतंत्र प्रजाती म्हटले. 82 अक्षरांच्या फरकावर दोन प्रजाती कशाला, हा आक्षेप समजण्यासारखा आहे.

माझे मत सांगते. मालवणी ही मराठीची बोली की कोकणीची, यावर पिढ्यान् पिढ्या वाद चालला आहे. मालवणी बोलणाऱ्याचे त्यावाचून काही अडत नाही. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, पण बाराव्या कोसावर मैलाचा दगड कुणी पुरलेला नसतो. प्रजाती हा आपल्या सोयीचा कप्पा आहे, आणि वेगळे होण्याची क्रिया मात्र लाखो वर्षे चालणारी. आपण तिचा एखादा क्षण पाहतो. काही जोड्या नुकत्या फुटलेल्या, काही पार लांब गेलेल्या, काही परत एक होत असलेल्या. कप्पे हवेतच, त्याशिवाय मोजणार आणि जपणार काय? पण वस्तू कप्प्यात बसली नाही तर चूक वस्तूची नसते.

एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी, कारण हल्ली पक्षिनिरीक्षकांच्या गटांवर विचित्र रंगाच्या पक्ष्याचा फोटो आला की लगेच 'संकर!' असा निकाल लागतो. अंगावर पांढरे ठिपके असलेला गावकावळा किंवा फिकट बुलबुल दिसला, तर तो बहुतेक वेळा रंगद्रव्य कमी असलेला, पिसे टाकत असलेला किंवा नुसता लहान पक्षी असतो. संकर म्हणायचे तर दोन्ही पालक-प्रजातींच्या खुणा एकाच अंगावर दिसायला हव्यात, आणि त्या दोन प्रजाती तिथे राहत असायला हव्यात.

कोंबडीचे पिवळे पाय

आता हे सगळे आपल्या अंगणात आणू. बाजारात गावरान कोंबडी घेताना पाय पिवळे आहेत का हे बघणारी माणसे तुम्ही पाहिली असतील. त्या पिवळ्या रंगामागे एक जनुकप्रवाह आहे, आणि त्याचा उगम दक्षिण भारताच्या जंगलात आहे.

पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज लाल रानकोंबडा. डार्विनने तोच एकमेव पूर्वज मानला होता. पण लाल रानकोंबड्याचे पाय राखाडी असतात. पिवळे आले कुठून? 2008 साली, पुन्हा उप्साला विद्यापीठातूनच, उत्तर आले. मका आणि हिरव्या चाऱ्यातून येणारे पिवळे रंगद्रव्य मोडणारे एक विकर कोंबडीच्या त्वचेत असते. पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत ते त्वचेपुरते बंद असते, म्हणून रंग साठतो. बंद असलेल्या या जनुकाची अक्षरे लाल रानकोंबड्याशी नव्हे, तर राखी रानकोंबड्याशी जुळली.

राखी रानकोंबडा म्हणजे द्वीपकल्पीय भारताचा, आपल्या सह्याद्रीचा रानकोंबडा. पहाटे घाटातल्या रानात जो तुटक, खरखरीत आरवतो तो. माणसाळलेली कोंबडी आग्नेय आशियाकडून पसरत भारतात आली, इथे केव्हातरी राखी रानकोंबड्याशी तिचा संकर झाला, पिवळे पाय पाळणाऱ्यांना आवडले, त्यांनी ती कोंबडी राखली आणि वाढवली. आज जगभर कोट्यवधी कोंबड्यांच्या पायात ते एक जनुक चालते आहे. बाकीची कोंबडी बरीचशी लाल रानकोंबड्याचीच राहिली. सोलापूरच्या घरात 'अक्का' उरली तशी.

माणूस बांध फोडतो तेव्हा

इतके वाचल्यावर कुणी विचारेल: पाझर जर निसर्गाचाच, तर काळजी कसली? पाझर आणि बांध फुटणे यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. पाझरावर पिके जगतात. बांध फुटला की खालच्या शेतातली माती वाहून जाते.

स्पेनमध्ये पांढऱ्या डोक्याचे एक बदक आहे. शिकार आणि पाणथळींच्या ऱ्हासाने 1977 साली तिथे त्याचे अवघे 22 पक्षी उरले होते. शिकारीवर बंदी आली, पाणथळी राखल्या, संख्या वाढली. तेवढ्यात नवे संकट आले. उत्तर अमेरिकेतले रडी डक हे बदक इंग्लंडमध्ये हौसेने आणून पाळले होते. त्यातली काही निसटली, वाढत वाढत हजारोंच्या संख्येत गेली आणि उडत स्पेनला पोचली. त्यांच्या पांढऱ्या डोक्याच्या बदकांशी जोड्या जमू लागल्या, पिल्लेही प्रजननक्षम. एका बाजूला हजारो, दुसऱ्या बाजूला मूठभर. मूठभरांची ओळख पुसायला फार पिढ्या लागत नाहीत. शेवटी ब्रिटनमधली रडी डक संपवण्याची सरकारी मोहीम काढावी लागली. पक्ष्यांवर जीव असणाऱ्यांना ते फार जड गेले, मलाही ते वाचताना जड जाते. पण समुद्रापलीकडचे बदक आणून सोडले माणसाने, आणि किंमत मोजणार होते स्पेनचे बदक.

दुसरा प्रकार हवामानाचा. 2025 साली अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी सॅन अँटोनियोजवळच्या एका पक्ष्याचा अभ्यास प्रसिद्ध केला: 'निळा जे' (ब्लू जे) आणि 'हिरवा जे' (ग्रीन जे) या कावळ्याच्या कुळातल्या दोन पक्ष्यांच्या संकरातून आलेला नर. या दोन प्रजातींचे पूर्वज सुमारे 70 लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. 1950 च्या दशकात हिरवा जे मेक्सिकोतून टेक्सासच्या दक्षिण टोकापर्यंत जेमतेम पोचत असे आणि निळ्याची पश्चिम हद्द ह्यूस्टनच्या आसपास होती. हवा बदलली, वस्त्या आणि बागा वाढल्या, दोघेही सरकले आणि भेटले. एका पक्ष्याने काही बिघडत नाही. पण जगभर असे कितीतरी शेजार आता नव्याने तयार होत आहेत.

तिसरा प्रकार आपल्या दारातला आहे. उत्तर आणि पूर्व भारतात, हिमालयाच्या पायथ्याने, लाल रानकोंबडा अजून जंगलात आहे. जंगलाला लागून गावे आहेत आणि गावांत मोकळ्या सोडलेल्या कोंबड्या. गावातला कोंबडा रानात जातो, रानातला कोंबडा गावातल्या कोंबडीकडे येतो. जंगली दिसणाऱ्या पक्ष्यांच्या डीएनएत पाळीव कोंबडीची जनुके सापडतात. हजारो वर्षांपूर्वी रानातून गावात आलेले पाणी आता उलट्या दिशेने, आणि बऱ्याच जोराने, रानात शिरते आहे. म्हणून अभयारण्यालगत कोंबड्या मोकाट न सोडता खुराड्यात ठेवाव्यात. पिंजऱ्यातले पक्षी 'पुण्य लागते' म्हणून रानात सोडू नयेत. पाळलेली परदेशी बदके तलावावर तर मुळीच सोडू नयेत.

भाची आता म्युनिकला परतली आहे. परतीच्या प्रवासात वाटेत एल्बेकाठच्या एका गावी उतरली होती. तिथून तिने पाठवलेल्या फोटोत नांगरलेल्या शेतात तीन कावळे आहेत. एक काळा, एक राखाडी, आणि तिसऱ्याच्या छातीवर कोळशाच्या हाताने पुसल्यासारखा मळकट राखाडी पट्टा.